ताईचा आकडा

रिकाम्या घरात शिरल्यावर ताई आधी एक टाळी वाजवायच्या. एकच. मग मान थोडी तिरकी करून उभ्या राहायच्या, जणू घर आता उत्तर देणार आहे आणि आपण मध्ये बोलणं बरं दिसणार नाही.

मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आलं होतं. मी नोकरीसाठी नुकतीच इथे आले होते. मोठ्या शहराच्या कडेला वाढत गेलेलं हे उपनगर; लोकांची कामं तिकडे आणि झोपायची सोय इकडे. त्यामुळे घर भाड्याने देणं, घेणं आणि त्यावर भांडणं हाच इथला मुख्य उद्योग. एजंटने मला त्या दिवशीचं तिसरं घर दाखवायला बोलावलं होतं. तो स्कूटरवरून आला आणि मागे गडद चष्मा लावलेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या बाई बसलेल्या होत्या.

"ह्या कोण?" मी हळूच विचारलं.

"आमची ताई. भाव तीच सांगते."

"पण त्यांना तर..."

"दिसत नाही. म्हणूनच सांगते," एजंट म्हणाला. "दिसणाऱ्याला रंग दिसतो, मॅडम. आणि मालक रंगच लावून ठेवतो."

टाळीनंतर ताई भिंतीकडे गेल्या. वाकून, हाताची मागची बाजू भिंतीच्या तळाशी टेकवत त्या सगळ्या खोलीभर फिरल्या. ओल असेल तर ती तळव्याला नाही, हाताच्या पाठीला आधी कळते, हे मला पुढे कळलं. मग नळ. सगळे एकदम सोडायचे आणि मनात आकडे मोजायचे. मग खिडक्या उघडायच्या, लावायच्या, पुन्हा उघडायच्या. शेवटी पुढच्या खोलीत जमिनीवर बसायचं आणि दहा मिनिटं कुणी काही बोलायचं नाही. घरमालक कंटाळून मोबाईल काढायला लागला तेव्हा ताई म्हणाल्या, "शेजारी शिवणयंत्र आहे. दुपारभर चालत असणार."

"चालतं," मालक म्हणाला. "पण बाई फार चांगल्या आहेत."

"बाई चांगल्याच असतील. यंत्र जुनं आहे. साडेचौदा."

मालक सोळा म्हणत होता. त्याने एजंटकडे पाहिलं, ताईंकडे पाहिलं, आणि औषध गिळावं तसा तो आकडा गिळला. मी साडेचौदा हजारांना तिसऱ्या मजल्यावर राहायला आले. त्याच इमारतीत पहिल्या मजल्यावर हे बहीण-भाऊ राहतात हे मला सामान वर चढवताना कळलं.

ताईंचं आयुष्य मला तुकड्यातुकड्याने समजलं. तरुणपणी त्या पालिकेच्या घरपट्टी खात्यात होत्या. हातात टेप, पाठीवर पिशवी, दारोदार फिरून घरं मोजायची आणि कर ठरवायचा. बाराएक वर्षं त्यांनी या भागातली निम्मी घरं आतून पाहिली. मग नजर कडेकडेने जायला लागली. आधी कोपरे गेले, मग दारं, मग माणसांचे चेहरे. डॉक्टरांनी सांगितलं, पडदा सुकतोय, परत येणार नाही. खात्याने त्यांना वर्षभर टेबलाशी बसवून ठेवलं आणि नंतर घरी पाठवलं.

"शेवटी शेवटी मी मोजायची टेप फक्त दाखवायला धरायची," त्या एकदा सांगत होत्या. "पावलांनी मोजून झालेलं असायचं. साहेबाला वाटायचं बाई किती चोख काम करते."

धाकटा भाऊ तेव्हा एका दुकानात हिशेब लिहायचा. ताईंना घरी एकटं सोडवेना म्हणून त्याने दुकान सोडलं आणि घरं दाखवायचं काम धरलं. ताई त्याला अजून 'बाळ' म्हणायच्या. पन्नास वर्षांचा, टक्कल पडलेला, ढेरी सुटलेला बाळ. त्याचं लग्न जमलं नाही. का, म्हणून विचारलं तर म्हणायचा, "मुलगी बघायला गेलो की ताई म्हणायची भिंतीला ओल आहे." मग स्वतःच मोठ्याने हसायचा. ताई हसायच्या नाहीत.

आमच्या भागात एक रीत पडून गेली होती. भाड्यावरून मालकाचं आणि भाडेकरूचं जुळत नसेल तर कुणीतरी म्हणायचं, ताईचा आकडा घ्या. मग एजंट ताईंना घेऊन जायचा. आकडा सांगण्याआधी दोन्ही बाजूंनी एका तिसऱ्या माणसासमोर 'मान्य' म्हणायचं. एकदा मान्य म्हटलं की आकडा कितीही येवो, मागे फिरायचं नाही. कागद नाही, सही नाही. आणि ताई घर तपासत असताना त्यांच्याशी कुणी चकार शब्द बोलायचा नाही. माझं खाली त्यांच्याकडे सतत येणं-जाणं असल्यामुळे तिसरा माणूस बऱ्याचदा मीच असायचे.

एकदा एक नर्स होती. दोन मुलं, नवरा नाही. मालक तिच्याकडे दीड हजारांची वाढ मागत होता. ताई नळ सोडायला आत गेल्या तशी ही मागोमाग गेली आणि रीत मोडून कुजबुजली, "ताई, हजार कमी सांगा हो. तुमच्या पाया पडते."

ताईंनी नळ बंद केला. "कमी हवं असेल तर मालकाकडे माग. त्याने दिलं तर त्याचा मोठेपणा. मी दिलं तर ती चोरी."

बाहेर येऊन त्यांनी पूर्ण वाढीचा आकडा सांगितला. नर्स भिंतीला टेकली. मग ताई मालकाला म्हणाल्या, "आता माझं काम संपलं. आता माणूस म्हणून सांगते, हिला पाचशे सोडा. ही घर घासूनपुसून ठेवते, मला वास येतोय." मालकाने कुरकुरत पाचशे सोडले. जिना उतरताना एजंट पुटपुटला, "हेच आधी सांगितलं असतंस तर ती बाई रडली नसती." ताई म्हणाल्या, "आणि पुढच्या वेळी मालकाने मला बोलावलं नसतं."

मी कॉम्प्युटरवर काम करणारी. मला वाटलं, हे सगळं गणितात बसवता येईल. मजला, क्षेत्रफळ, इमारतीचं वय, बाजारापासूनचं अंतर, अशी बेचाळीस घरं मी तक्त्यात भरली आणि ताईंचा आकडा आधीच ओळखणारं सूत्र तयार केलं. बऱ्याच घरांना ते पाचशेच्या आत यायचं. मी फुशारून ताईंना वाचून दाखवलं. एका घराला माझं सूत्र सोळा म्हणत होतं, ताईंनी साडेतेरा सांगितलेले.

"त्याच्या भिंतीपलीकडे पाण्याचा पंप आहे," ताई म्हणाल्या. "दिवसातून दोनदा लागतो. भांडी थरथरतात. ते तू कुठल्या रकान्यात लिहिलंस?"

कुठल्याच नाही. पण त्यांना त्या तक्त्याचं कौतुक वाटलं. "बाळ, बघ, पोरीने मला सरळ रेषेत बसवलंय," म्हणाल्या.

मग भाड्याच्या घरांची एक वेबसाइट आली, आणि तिच्यावर जाहिरात कशी टाकायची ते एजंटला मीच शिकवलं. फोटो कसे चढवायचे, नंबर कुठे लिहायचा. भाड्याच्या रकान्यावर येऊन तो थांबला.

"बोलायचा लिहू की घ्यायचा?"

"म्हणजे?"

"मॅडम, बोलायचा भाव वेगळा, घ्यायचा वेगळा. सतराला द्यायचं असेल तर एकवीस बोलायचं. समोरचा घासाघीस करणारच. त्याला चार हजार पाडल्याचा आनंद मिळायला नको?"

"मग बोलायचाच लिहा," मी म्हटलं. मला फॉर्म भरून संपवायचा होता.

त्याने बोलायचा लिहिला. सगळ्या एजंटांनी बोलायचाच लिहिला. धंद्यात सगळ्यांना ठाऊक होतं की हा आकडा म्हणजे नुसती सुरुवात. वेबसाइटला ते ठाऊक नव्हतं. तिने सगळे बोलायचे भाव गोळा केले, त्यांची सरासरी काढली आणि 'या भागातलं योग्य भाडं' म्हणून हिरव्या अक्षरात छापली. मालक ते वाचून म्हणायला लागले, योग्य भाडं एकवीस आहे, म्हणजे मी एकवीस घेणार. मग एजंटांनी घासाघिशीसाठी त्यावर अजून तीन चढवले. पुढच्या महिन्यात हिरवी अक्षरं तेवढी वर सरकली. चुकीचा आकडा आत घातला की चुकीचाच बाहेर येतो, हे मला कॉलेजच्या पहिल्या वर्षी शिकवलं होतं. मी शिकलेही होते.

दुसरी गोष्ट अशी झाली की मालक आणि भाडेकरू एकमेकांना परस्पर भेटायला लागले. एजंटला दोनदोन महिने एकही घर मिळेना. ताईंना बोलावणं तर जवळजवळ थांबलंच. एके दिवशी मला सुट्टी होती. सकाळी अकराच्या सुमाराला बँकेसमोरच्या बाकावर एजंट बसलेला दिसला, मांडीवर हेल्मेट, हातात काही नाही. मी दोन तासांनी परत आले तरी तो तिथेच.

"घरं दाखवून आलात का भाऊ?"

"हो हो, दोन दाखवली," तो म्हणाला. मग माझ्याकडे बघून ओशाळला. "ताईला बोलू नका. तिला सांगितलंय, लोक हल्ली फोटो बघूनच घर घेतात, तुला दगदग नको, मी सांभाळतो. तिला वाटतं छान चाललंय."

"किती दिवस असं?"

"बचत आहे थोडी. आत्ताचं अकरा हजार भाडं कसंबसं निघतंय. चौदापर्यंत ओढेन. त्याच्यावर गेलं की संपलं."

मी मान हलवली. शब्द दिल्यासारखंच झालं ते.

अकरा हजार भाडं हा निव्वळ एका माणसाचा चांगुलपणा होता. त्यांचे घरमालक निवृत्त मास्तर. एकोणीस वर्षांपूर्वी त्यांनी ताईंना घर दिलं तेव्हा ताईंना थोडंसं दिसत होतं. ताईंनी ते घर दिसत असताना पाठ केलं होतं. म्हणून त्या घरात त्या आंधळ्या नव्हत्याच. काठी दाराबाहेर ठेवायच्या आणि आत वाऱ्यासारख्या फिरायच्या. दूध उतू जायच्या आत स्वयंपाकघरात पोचायच्या. एकदा दिवे गेले तेव्हा मी त्यांच्याकडे होते. एजंट खुर्चीला धडकला, मी दाराला, आणि ताई मधून सरळ चालत जाऊन मेणबत्ती घेऊन आल्या. "आंधळ्यांनो, बसा जागेवर," म्हणाल्या.

ते मास्तर गेले आणि तीन महिन्यांनी त्यांचा मुलगा आला.

रविवारची दुपार होती. मुलगा चाळिशीचा, अगदी सभ्य माणूस. चपला बाहेर काढल्या, ताईंच्या तब्येतीची चौकशी केली, चहा घेतला. मग खिशातून मोबाईल काढला.

"मला तुमच्यावर अन्याय करायचा नाही," तो म्हणाला. "पण बाबांच्या आजारपणात बरंच गेलं. हे बघा, याच इमारतीत, चौथ्या मजल्यावर, एवढंच घर. एकवीस."

"अहो, ते बोलायचे एकवीस," एजंट म्हणाला. "तेवढ्याला कुठे गेलंय ते!"

"बोलायचे म्हणजे? इथे छापलंय. आणि खाली फोन नंबर तुमचाच आहे."

एजंटने माझ्याकडे पाहिलं. मी कपातल्या चहाकडे पाहिलं. आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा कसा पाडतात हे मी पुस्तकात वाचलं होतं. धोंडा उचलून देणारी मी, हे तेव्हा कळलं.

"आम्ही एवढे नाही देऊ शकत," एजंट चाचरत म्हणाला. आणि मग त्याचा चेहरा एकदम उजळला. "असं करू. ताईचा आकडा घ्या."

"म्हणजे?"

"इथली रीत आहे. तुमचे वडीलसुद्धा मानायचे. ताई घर तपासेल आणि आकडा सांगेल. तो दोघांनी मान्य करायचा. आजपर्यंत कुणाला एक पैसा इकडेतिकडे सांगितला नाही तिने, कुणालाही विचारा."

मुलाने मोबाईल मांडीवर पालथा ठेवला. "बाबा सांगायचे खरं," तो म्हणाला. "ठीक आहे. मान्य."

"मान्य," एजंट म्हणाला, जवळजवळ ओरडून. तो माझ्या कानाशी वाकला. "पहिला मजला, रस्ता जवळ, जुन्या फरश्या. चौदा. चौदाच्या वर जातच नाही."

ताई म्हणाल्या, "बाळ, नक्की? मी याच घरात राहते."

"म्हणून काय झालं? तुझा आकडा तो तुझा आकडा."

"तुम्हाला चालेल?" त्यांनी मुलाला विचारलं.

"तुम्ही सांगाल ते चालेल, ताई."

मग ताई उठल्या, दाराबाहेर गेल्या, दार लावून घेतलं आणि पुन्हा उघडून आत आल्या. परक्या घरात शिरावं तशा. आणि त्यांनी टाळी वाजवली.

पाऊण तास लागला. त्यांनी भिंती चाचपल्या, त्यांना रोज हात लागत होता त्या. मुलाच्या डोळ्यांत आधी कुतूहल होतं, मग तो खुर्चीत सरळ बसला. ताई स्वयंपाकघरात नळ सोडायला गेल्या तेव्हा मी कप ठेवायला आत गेले. आत आम्ही दोघीच होतो. पाणी मोठ्याने वाहत होतं, बाहेर ऐकू गेलं नसतं. ताई, भाऊंकडे पैसे नाहीत. एवढंच म्हणायचं होतं, चार शब्द. पण त्या आकडे मोजत होत्या, ओठ हलत होते, आणि तपासणीत बोलायचं नाही ही रीत मीच कितीदा दुसऱ्यांना डोळ्यांनी दटावून पाळायला लावली होती. शिवाय मी एजंटला शब्द दिला होता. मी कप विसळले आणि बाहेर आले.

ताई येऊन जमिनीवर बसल्या. दहा मिनिटं सगळे गप्प. खाली रस्त्यावरून एक मोटार गेली, मग बराच वेळ काहीच नाही. एजंटच्या चेहऱ्यावरचं हसू टिकून होतं. त्या शांततेत मला जे कळलं ते त्याला कळलं नाही: घर फार शांत होतं.

"पाणी चांगल्या जोराने येतं," ताई म्हणाल्या. "वर गच्ची नाही, म्हणून उष्णता नाही. फरशी जुनी आहे पण दगडी आहे, थंड राहते. खिडक्या नव्या आहेत, नीट बसतात. पूर्वी ओल होती, ती आता पूर्ण गेलीये." खिडक्या एजंटने दोन वर्षांपूर्वी स्वतःच्या खर्चाने बसवल्या होत्या. ओलही त्यानेच काढून घेतली होती, ताईंना खोकला होतो म्हणून. "रस्त्याचा आवाज सकाळी तासभर आहे, त्याचे पाचशे वजा. साडेसतरा."

एजंटचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यात माणूस उरला नाही.

"साडेसतरा," मुलगा म्हणाला. त्याने मोबाईल खिशात ठेवला. "मी एकवीस धरून आलो होतो, खोटं कशाला बोलू. पण मान्य म्हटलंय, मान्य. पुढच्या महिन्यापासून." जाताना तो ताईंच्या पाया पडला. त्याला खरंच वाटत होतं की त्याने साडेतीन हजारांचं पाणी सोडलंय.

दार लागलं.

"अडचण होईल थोडी," ताई म्हणाल्या, "पण तुझं बरं चाललंय म्हणतोस, तर निघेल. तो माणूस बरा आहे."

"कुठून निघेल?" एजंट म्हणाला.

"म्हणजे?"

"कुठून आणू साडेसतरा? कुठून आणू, सांग ना! दोन-दोन महिने एक घर जात नाही माझ्या हातून. बँकेसमोर बसतो मी. रोज बसतो. विचार हिला!"

ताईंनी मान माझ्याकडे वळवली.

"कधीपासून?"

"सात-आठ महिने झाले," मी म्हटलं.

"एकदा," एजंट म्हणाला. त्याचा आवाज चिरकला होता. "जन्मात एकदा चौदा म्हटली असतीस. कोण आलं असतं तपासायला? त्याला भिंतीतलं काय कळतं? चौदा म्हणायचं फक्त. स्वतःच्या भावासाठी."

ताईंनी खिडकीच्या चौकटीवरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "तू मला सांगितलं असतंस तरी मी साडेसतराच म्हटलं असतं. पण मग आधी म्हटलं असतं, बाळ, या घराचं मला विचारू नकोस. भांड त्याच्याशी, रड त्याच्यासमोर, काहीही कर. पण मला विचारू नकोस."

एजंट बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसला.

दुसऱ्या दिवशी ताईंनी मला मुलाचा नंबर लावून द्यायला सांगितला. फोन स्पीकरवर होता. "आकडा सांगून झाला," त्या म्हणाल्या, "तो आकडा म्हणून बरोबर आहे. आता माणूस म्हणून मागते. आम्हाला चौदाच्या वर जमणार नाही. तेवढं सोडा."

त्यांना कुणाकडे काही मागताना मी पहिल्यांदाच ऐकत होते; नर्ससाठी मागितलं होतं ते दुसऱ्यासाठी होतं. मुलगा तिकडे अवघडला. "ताई, तुमच्या शब्दावर मी एकवीसवरून खाली आलो. आता तुमच्याच शब्दाच्या खाली मला जायला सांगता? घरी बायकोला काय सांगू? तिने तर आधीच..." तो थांबला. "तुमच्या जागी दुसरं कुणी असतं तर घासाघीस केली असती मी. तुमच्याशी कशी करू?"

"बरोबर आहे तुमचं," ताई म्हणाल्या आणि फोन माझ्या दिशेने पुढे धरला.

मी म्हटलं, वरचे साडेतीन हजार मी देत जाईन. ताई म्हणाल्या, "किती महिने?" माझ्याही मालकाने त्या आठवड्यात हिरव्या अक्षरांचा फोटो पाठवला होता.

घर शोधायला एजंट एकटाच फिरला. इतकी वर्षं लोकांना घरं शोधून देणाऱ्या माणसाला स्वतःसाठी घर मिळेना. आंधळी बहीण म्हटलं की मालक म्हणायचे, जिना आहे हो, पडल्याबिडल्या तर जबाबदारी कुणाची? शेवटी महामार्गापलीकडे तळमजल्यावर एक खोली आणि स्वयंपाकघर मिळालं. नऊ हजार. समोर ट्रक दुरुस्तीची रांग आणि शेजारी दगड कापायचा कारखाना. ताईंना त्याने आधी नेलं नाही. "घे म्हणाली, नेऊ नकोस," तो मला म्हणाला. "नेलं तर टाळी वाजवेल, म्हणाली."

सामान हलवलं त्या दिवशी ताई रिकाम्या घरातून शेवटच्या बाहेर आल्या. भिंतीला हात लावला नाही की दारात थांबल्या नाहीत. फक्त काठी उघडली.

तीन महिन्यांनी, एका शनिवारी दुपारी, मी त्यांच्याकडे गेले. दार उघडंच होतं. ताई पलंगावर भिंतीला पाठ लावून बसल्या होत्या. कपाळावर एक जुनी खोक होती आणि हाताच्या कोपराला ताजं खरचटलेलं. मी तीनदा हाक मारली तेव्हा त्यांना ऐकू आली. दगडाची करवत सुरू झाली की त्या खोलीत आपला आवाज आपल्याला ऐकू येत नाही. आणि ताई तर आवाजावरच चालायच्या: भिंत किती लांब, दार उघडं की बंद, कोण आलं, कोण गेलं. त्या खोलीत त्यांना दुसऱ्यांदा आंधळं व्हावं लागलं होतं.

"बाळ सिक्युरिटीच्या नोकरीला लागलाय," त्या म्हणाल्या. "बारा तास. इमारतीच्या दारात बसतो. निदान बसायचे पैसे मिळतात."

हा विनोद होता. मी हसले, पण बहुतेक त्यांना ते ऐकू गेलं नाही.

"आकड्याला बोलावतात का कुणी?"

"दोघे आले होते. मी नाही म्हटलं. इथे राहून कान गेले. चुकीचं सांगून बसेन."

मी खुर्ची जवळ ओढली. थोडा वेळ करवत थांबली. तेवढ्यात त्यांनी विचारलं, "आपलं घर गेलं का?"

"गेलं. मागच्या महिन्यात. नवरा-बायको आहेत, एक लहान मुलगी."

"किती?"

मला साडेसतरा म्हणता आलं असतं. त्यांना कोण सांगायला येणार होतं? पण एकदा त्यांच्यासमोर गप्प बसून मी जे केलं होतं त्याचं हे फळ मी पाहत होते.

"साडेएकोणीस," मी म्हटलं. "मास्तरांच्या मुलाने वेबसाइटवर टाकलं होतं. त्यांनी बघितल्या बघितल्या घेतलं. घासाघीस पण केली नाही."

ताई सरळ बसल्या. मला वाटलं त्या चिडतील, त्या मुलाला काही बोलतील. एजंट तर हे कळल्यावर माझ्यासमोर भिंतीवर डोकं आपटून घ्यायचाच बाकी होता.

"दोन हजार जास्त," त्या म्हणाल्या. "घासाघीस न करता घेतलं म्हणजे त्यांना तेवढ्याचं वाटलं."

"नाही ताई, लोकांना काही कळत नाही, ते हिरवी अक्षरं..."

"थांब. बोलू नकोस." त्यांनी हात वर केला, तपासणीच्या वेळी करायच्या तसा. "दारातून आत. पुढची खोली अकरा पावलं. पाण्याचं मी धरलं. फरशी धरली. खिडक्या धरल्या. उन्हाचं..." त्यांची बोटं मांडीवर एकेक मोजत होती. "उन्हाचं धरलं होतं का मी?"

करवत पुन्हा सुरू झाली. त्यांचे ओठ हलत राहिले, पण शब्द कळेनात. मग ओठही थांबले. कुठपर्यंत आलो होतो ते त्यांना आठवत नसावं. त्यांनी बोटं मिटली, मान तिरकी केली आणि पुन्हा दारापासून मोजायला सुरुवात केली.